बोटं चालत नसतील तर ट्रॅकबॉल कसा ट्राय करायचा, पहिल्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत

चौथ्या दिवशी मी ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवर ठेवून फक्त वरचा गोळा फिरवायचा माऊस, परत पाठवायला काढला होता. भावाने बॉक्समध्ये भरून वरून टेपसुद्धा मारली होती. संध्याकाळी शेजारच्या काकांकडून आलेल्या छोट्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलो तेव्हा लक्षात आलं की इथे हात किती मोकळा पडतोय, मग टेप फाडून तो परत बाहेर काढला आणि या टेबलावर लावला. चूक ट्रॅकबॉलची नव्हतीच, माझं टेबल चार बोटं उंच होतं आणि खांदा सतत वर ओढलेला राहत होता. आज तोच ट्रॅकबॉल मी रोज पाच-सहा तास वापरतो. असं बऱ्याच जणांचं होत असणार, वस्तू चांगली असते पण लावलेली चुकीची असते आणि मग "मला नाही जमणार" म्हणून ती कपाटात जाते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं आधी सांगतो म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. २०१४ ला टू-व्हीलरवरून पडलो, मानेला सी६ लेव्हलची, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला दुखापत. खांदे चालतात, कोपर वाकतं पण सरळ करायला जोर नाही, मनगट वर उचलता येतं, बोटं स्वतःहून मिटत नाहीत. टायपिंग हाताला बांधलेल्या कफमध्ये पेन्सिल अडकवून करतो, रबराची बाजू खाली. घरूनच एका सीए ऑफिससाठी जीएसटीच्या एन्ट्र्या करतो. तुमचं वेगळं असेल, संधिवात असेल, स्ट्रोकनंतर एकच हात चालत असेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार) असेल, तर काही गोष्टी बदलतील, ते मधे मधे सांगतोच.

आधी हे बघा की माऊस तुमच्याकडून काय काय मागतो

साधा माऊस वापरायला पाच वेगळी कामं लागतात. पकडायचा, सरकवायचा, टेबलाची कड आली की उचलून परत आणायचा, क्लिक करताना हलू न देता धरून ठेवायचा, आणि एकाच बोटाने बटण दाबायचं. चांगल्या हाताला ही पाच कामं वेगळी वाटतच नाहीत, पण आपल्याला यातलं नेमकं कुठलं जमत नाही हे शोधणं म्हणजे अर्धं काम झालं. माझं पकडणं आणि उचलणं जमत नव्हतं, आणि पुढे सरकवताना कोपर सरळ व्हावं लागतं ते होत नव्हतं, म्हणून मी सगळा खांदा पुढे ढकलायचो आणि दुपारपर्यंत मान धरायची. ट्रॅकबॉल जागेवरून हलत नाही, फक्त वरचा गोळा फिरतो, म्हणजे पहिली तीन कामं गेलीच आणि धरून ठेवायचं काम बरंच हलकं होतं. उरतं क्लिक. त्याचं वेगळं बघायला लागतं, ते पुढे येईल.

तसा ट्रॅकबॉल काही नवीन नाही. १९५२ च्या सुमाराला कॅनडाच्या नौदलाच्या एका प्रकल्पात चक्क बोलिंगचा चेंडू वापरून पहिल्या काही ट्रॅकबॉलपैकी एक बनवला होता, म्हणजे घरोघरी माऊस यायच्या कितीतरी आधी. एवढा मोठा चेंडू बोटांच्या टोकांनी नाही तर हातानेच फिरवायचा, आपल्याला हेच तर पाहिजे.

पैसे घालण्याआधी घरातल्या घरात करायच्या टेस्ट

एक पैसा न घालता आधी विंडोजमधलं माऊस कीज चालू करून बघा. डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबायचं, आणि तीन बटणं एकदम दाबणं अवघड असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन माऊसच्या खाली ते सापडतं. मग बाजूच्या नंबर पॅडवरून पॉइंटर हलतो, ५ दाबला की क्लिक. स्लो आहे, पण काही जणांचं एवढ्यावर भागतं, आणि पुढे ट्रॅकबॉल घेतल्यावरसुद्धा अगदी बारीक जागी जायला हे कामाला येतं. दोन की एकदम दाबायची अडचण असेल तर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करा, मग कंट्रोल आणि सी एकामागून एक दाबलं तरी कॉपी होतं.

दुसरी टेस्ट वाटीची. आमटीच्या छोट्या वाटीत टेबल टेनिसचा बॉल ठेवा, तो बरोबर ४० मिलिमीटरचा असतो, आणि नेहमीच्या जागी बसून हाताच्या वेगवेगळ्या भागांनी फिरवून बघा. बोटांची टोकं, बोटांची पेरं, तळहाताची करंगळीकडची कड, मूठ, मनगटाच्या जवळचा भाग. खऱ्या ट्रॅकबॉलसारखा तो गुळगुळीत फिरणार नाही, पण हाताचा कुठला भाग पोचतो आणि कुठल्या दिशेला अडतो ते लगेच कळतं. मला याच टेस्टमध्ये कळलं की आडवं फिरवणं सोपं जातंय आणि बॉल पुढे ढकलताना हात वरून घसरतोय, म्हणजे मोठा गोळा लागणार.

गोळ्याच्या साईजचं गणित असं आहे. लॉजिटेकच्या एम ५७५ मध्ये ३४ मिलिमीटरचा गोळा असतो, छोट्या लिंबाएवढा, आणि तो फक्त अंगठ्याने फिरवायचा. ज्यांचं मनगट किंवा खांदा दुखतो पण अंगठा चांगला आहे त्यांना तो छान. माझ्यासारख्या सी६ वाल्याला उपयोग नाही, आणि अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर मी म्हणेन घेऊच नका, सगळा भार तिथेच येतो. केन्सिंग्टनच्या ऑर्बिटमध्ये ४० चा गोळा मधे असतो, आणि त्यांच्याच एक्सपर्ट माऊसमध्ये ५५ चा. मी हा ५५ वाला घेतला. गोळा मधोमध असल्यामुळे डावा उजवा कुठलाही हात चालतो, आणि चार मोठी बटणं चार कोपऱ्यांत आहेत. हात थरथरत असेल तरी मोठा गोळा बरा, बारीक थरथर त्यात कमी उतरते. उलट मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारखं असेल, ताकद कमी पण बोटांच्या टोकाची बारीक हालचाल शिल्लक असेल, तर मोठा गोळा फिरवायलाच जड जाईल, तिथे छोटा गोळा घ्या आणि पॉइंटरचा स्पीड वाढवा.

शक्य असेल तर आधी कुणाकडे तरी हात लावून बघा. मुंबईत हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, तिथे ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामं आपल्या हाताला कशी जमवायची ते शिकवणारा विभाग आहे. तिकडे जाणं जमणार नसेल तर जवळचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) शोधा, आणि नुसतं "माऊस सुचवा" असं न म्हणता हात कसा चालतो त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा, उत्तर एकदम नेमकं मिळतं.

ऑर्डर करताना

ऑनलाइन घेताना रिटर्न आहे की फक्त रिप्लेसमेंट आहे हे आधी वाचा. रिप्लेसमेंट म्हणजे बिघडला तरच बदलून मिळेल, हाताला बसला नाही म्हणून परत घेणार नाहीत. बॉक्स, थर्मोकोल, सगळं नीट ठेवा आणि उघडताना व्हिडिओ काढायला लावा. आणि वायरवाला की वायरलेस, यावर माझं ठाम मत आहे, घरी दिवसभर एकटे असाल तर वायरवाला घ्या. वायरलेसचा सेल संपला तर झाकण कोण उघडणार, आणि चालू-बंदचं बारीक बटण बहुतेक वेळा त्याच्या पोटाखाली असतं, तिथे आपलं बोट पोचत नाही. वायरवाला एकदा यूएसबीत घातला की लाईट गेली, आली, कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला, तरी तो आपला आपण चालू होतो. वायर लांब ठेवू नका मात्र, व्हीलचेअरच्या चाकात जाते, टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने लावून टाका.

मांडणी, इथे घाई करू नका

आधी तुम्ही नीट बसा, मग ट्रॅकबॉल हाताखाली आणा, उलटं नाही. पाठ मागे टेकलेली, खांदे सैल सोडलेले, कोपर साधारण काटकोनात, आणि हात आपोआप जिथे पडतो तिथे गोळा यायला पाहिजे. माझा हात छातीच्या समोर पडतो, कडेला नाही, म्हणून ट्रॅकबॉल कीबोर्डच्या उजवीकडे नाही तर कीबोर्डच्या पुढे, माझ्या बाजूला आहे. दिसायला विचित्र दिसतं पण हात पसरायला लागत नाही.

टेबल उंच असेल तर व्हीलचेअरच्या हातांवर आडवी प्लायवूडची फळी टाकून बघा, सुताराकडून पुढची कड पोटाच्या आकाराने गोल कापून घ्या आणि कडा घासून घ्या. टेबल खाली असेल तर ट्रॅकबॉलखाली जुन्या दिवाळी अंकांची चळत ठेवा, दोन काढा, एक घाला, असं करत उंची सापडली की मग त्या मापाची लाकडी पट्टी करा. एकदम कायमचं काही चिकटवू नका.

घसरण्याचा प्रॉब्लेम येतोच, कारण आपण बोटांनी नाही तर पूर्ण हाताच्या वजनाने ढकलतो. आई पोळपाट सरकू नये म्हणून खाली ओला फडका घालते, तेच तत्त्व. ड्रॉवरमध्ये अंथरायची रबरी जाळीची मॅट मिळते, तिचा तुकडा कापून खाली टाका. तेवढ्याने नाही भागलं तर वेल्क्रो, खरखरीत बाजू फळीला आणि मऊ बाजू ट्रॅकबॉलच्या बुडाला.

आता सी६ वाल्यांनी हे जरूर वाचा. आपण मनगट वर उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात आणि त्यावर आपण ग्लास, चमचा, कागद पकडतो, ओटी मॅडम त्याला टेनोडेसिस म्हणतात. ती पकड टिकते कारण बोटांच्या शिरा, म्हणजे टेंडन, थोड्या आखूड, घट्ट असतात. ट्रॅकबॉलवर मनगट वर आणि बोटं सरळ पसरलेली अशा स्थितीत रोज तासन्‌तास हात ठेवला तर त्या शिरा हळूहळू सैल पडू शकतात आणि पकड जाते. म्हणून बोटं अर्धी मिटलेलीच ठेवा, गोळा बोटांच्या मधल्या पेरांच्या पाठीने किंवा करंगळीच्या बाजूने फिरवा. मी आधी तळहात सपाट ठेवत होतो कारण स्पीड मिळत होता, मॅडमनी बघितल्या बघितल्या बंद करायला लावलं.

सेटिंग्ज

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग माऊस. पॉइंटरचा स्पीड सुरुवातीला मधोमध ठेवा आणि दिवसाला एकच खूण वर किंवा खाली करा, रोज सगळंच बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. तिथेच एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन आहे, ते चालू असलं की हळू फिरवलं तर पॉइंटर कमी जातो आणि झटकन फिरवलं तर लांब जातो. हाताची हालचाल लहान असेल तर चालू ठेवा, एका झटक्यात स्क्रीन पार होते. पण हाताला स्पॅझम, म्हणजे आपोआप झटके येत असतील तर पॉइंटर कुठच्या कुठे उडतो, मग बंद बरं.

त्याच पानावर अ‍ॅडिशनल माऊस सेटिंग्जमध्ये क्लिक लॉक आहे, ही सगळ्यात कामाची गोष्ट. बटण क्षणभर दाबून सोडलं की ते दाबलेलंच आहे असं कॉम्प्युटर धरतो, मग गोळा फिरवून फाईल न्यायची आणि परत एकदा दाबून सोडायची, एकाच वेळी दाबून धरणं आणि फिरवणं दोन्ही करायला लागत नाही. डबल क्लिकसाठी फाईल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये जाऊन एका क्लिकवर उघडायचं करून टाका.

आणि स्क्रीनचा स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियम आहे की टार्गेट जितकं लांब आणि जितकं लहान तितका तिथे पोचायला वेळ जास्त. बटणं मोठी केली की तोच हात, तोच गोळा, आणि चुका कमी होतात. जीएसटी पोर्टलवरचे बारीक चौकोन मला याच्यामुळे जमायला लागले.

क्लिक वेगळं करा

हे मला आधीच कुणी सांगितलं असतं तर पहिला आठवडा वाचला असता. ज्या हाताने गोळा फिरवायचा त्याच हाताने क्लिक करायचं असा काही नियम नाही. मी पॉइंटर बटणावर नेऊन ठेवायचो आणि बटण दाबायला हात सरकवला की गोळा हलायचा, पॉइंटर शेजारी जायचा.

विंडोजला दोन माऊस एकदम लावता येतात, दोन्हींचा पॉइंटर एकच असतो. म्हणून जुना माऊस घ्या, त्याच्या पोटाखालच्या सेन्सरवर काळी टेप लावा म्हणजे त्याच्यामुळे पॉइंटर हलणार नाही, आणि तो दुसऱ्या हाताखाली वेल्क्रोने पक्का बसवा. उजव्या हाताने फिरवायचं, डाव्या मुठीने क्लिक. माऊसचं बटण मुठीला लहान पडत असेल तर त्यावर डबल टेपने प्लास्टिकचं मोठं झाकण चिकटवा, पण फक्त डाव्या बटणावर येईल असं, नाहीतर दोन्ही दाबली जातात. अजून पुढे जायचं असेल तर मोबाईल रिपेअरवाल्याकडून जुना माऊस उघडून डाव्या बटणाच्या दोन टोकांना ३.५ मिलिमीटरचं सॉकेट सोल्डर करून घ्या, मग त्यात कुठलाही अपंगांसाठीचा मोठा स्विच लागतो, डोक्याने, कोपराने, गुडघ्याने दाबायचा.

दुसरा हात अजिबात चालत नसेल तर कॅमेरा माऊस म्हणून बॉस्टन कॉलेजमध्ये तयार झालेला फुकट प्रोग्रॅम आहे, वेबकॅम तुमच्या नाकाच्या हालचालीवर पॉइंटर चालवतो, आणि एका जागी थोडा वेळ थांबलं की आपोआप क्लिक होतं. मानेला सवय लागेपर्यंत दहा मिनिटंच करा.

मजकूर लिहायला गुगल डॉक्समध्ये क्रोमवरून व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं, त्यामुळे ट्रॅकबॉलवर टायपिंगचा बोजा टाकू नका.

पंधरा दिवसांचं ट्रायल

पहिले तीन दिवस कामाला लावूच नका. पेंटमध्ये मोठे गोल काढा, मग लहान काढा, पत्त्यांचा सॉलिटेअर खेळा, त्यात ड्रॅग आपोआप शिकलं जातं. एका वेळी वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. जुनं साधन काढू नका, शेजारी लावलेलंच ठेवा, अर्जंट काम आलं तर त्यावर करा, नवीन शिकायच्या नादात कामावर परिणाम झाला की मन खट्टू होतं.

चौथ्या दिवशी एक ठरलेलं काम घ्या, माझं असं होतं की मेल उघडायचा, त्याला एक पीडीएफ जोडायची, पाठवायचा. जुन्या पद्धतीने किती वेळ लागला, नवीनने किती, आणि किती वेळा चुकीच्या जागी क्लिक झालं ते मोबाईलवर व्हॉइस नोटमध्ये बोलून ठेवा. चौथ्या दिवशी मला जुन्यापेक्षा दुप्पट वेळ लागत होता, म्हणूनच बॉक्समध्ये भरायला काढला ना! दहाव्या दिवशी दोन्ही सारखे झाले. फक्त वेळ बघू नका पण, दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आणि मान कशी आहे तेही नोंदवा. मला जुन्याच वेगाने पण मान न दुखता काम झालं असतं तरी मी हा ठेवला असता.

त्वचा बघणं विसरू नका

आपल्यातल्या बऱ्याच जणांना करंगळीच्या बाजूला स्पर्श कळत नाही, आणि नेमकी तीच कड फळीवर आणि गोळ्यावर घासते. प्रत्येक सेशननंतर करंगळीची कड, मनगटाचं हाड आणि कोपराचं टोक कुणाला तरी बघायला सांगा किंवा फोनच्या कॅमेऱ्यात बघा. लाली दिसली आणि अर्ध्या तासात गेली नाही तर ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत त्यावर दाब नको. मी कोपराखाली मऊ फोमचा तुकडा ठेवतो आणि ट्रॅकबॉलसोबत आलेला रिस्ट रेस्ट (मनगट टेकवायचा भाग) काढून ठेवलाय, मला त्याची कड लागत होती, तुम्हाला कदाचित बरा वाटेल.

बसण्याच्या जागेची त्वचाही जपा. नवीन वस्तूच्या नादात दीड तास कधी गेला कळत नाही. मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावा आणि प्रत्येक वेळी पुढे वाकून किंवा कडेला झुकून दाब सोडा. टी६ ला (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर दुखापत असेल आणि मधेच अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्याला घाम आला, तर रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो, ट्रॅकबॉल सोडा, ताठ बसा, हाक मारा आणि आधी कॅथेटरची नळी वाकली आहे का, बॅग भरली आहे का ते बघायला सांगा, आणि त्रास लगेच थांबला नाही तर डॉक्टर गाठा.

ठेवायचा ठरला तर

आठवड्यातून एकदा गोळा काढून साफ करायला लागतो. गोळा तीन बारीक मण्यांवर फिरतो आणि तिथे हाताचा मळ आणि धागे जमतात, मग एका दिशेला तो अडकायला लागतो आणि आपल्याला वाटतं हातच आज चालत नाहीये. एक्सपर्ट माऊसचा गोळा नुसता वर उचलला की निघतो, वहिनी कापसाच्या काडीने मणी पुसते, गोळा कोरड्या फडक्याने, दोन मिनिटांचं काम. अंगठ्याने फिरवायच्या काही मॉडेलमध्ये खालच्या भोकातून पेन्सिलने ढकलायला लागतं, तेही कफमधल्या पेन्सिलने जमतं. मांडीवर टॉवेल पसरून मगच काढा, गोळा गुळगुळीत असतो, फरशीवर पडला की थेट पलंगाखाली जातो आणि कुणीतरी घरी येईपर्यंत काम बंद.